झिजलेल्या आसाची गोष्ट

आकाश मोजण्यासाठी जयपूरचा राजा सवाई जयसिंग यानं आधी पितळेची यंत्रं करवून घेतली, आणि ती त्याला पटली नाहीत. ‘झीज-ए-मुहम्मदशाही’ या त्याच्या ग्रहकोष्टकांच्या प्रस्तावनेत ती नापसंती नोंदवलेली आहे. यंत्रं लहान पडतात, त्यांच्यावर कलांच्या खुणा मावत नाहीत, आस हलतात, झिजतात, वर्तुळाचा मध्य जागा सोडतो, पातळी ढळते. फारसी ग्रंथातली ही तक्रार जयपूरच्या ट्रान्सपोर्ट नगरात आजही रोज ऐकू येते, फक्त तिथं ती ट्रकच्या पुढच्या चाकांबद्दल असते.

मग राजानं दगड आणि चुना जवळ केला. जयपूरच्या जंतरमंतर वेधशाळेतलं सम्राट यंत्र सुमारे 27 मीटर उंच आहे आणि त्यात हलणारा एकही भाग नाही. हलतो तो सूर्य. त्याची सावली मिनिटाला साधारण 6 सेंटिमीटर सरकते, इतकी की नुसत्या डोळ्यांना ती चालताना दिसते, आणि 2 सेकंदांपर्यंतची वेळ वाचता येते. त्या काळी जयसिंगाच्या पदरी सम्राट जगन्नाथ हा महाराष्ट्रीय पंडित होता. युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचं ज्योतिष त्यानं अरबीवरून संस्कृतात आणलं. अशा दरबारात झिजेवर जे उत्तर निघालं ते राजाला शोभणारं होतं: जे हलणारच नाही ते झिजणारही नाही.

शेतकऱ्याला मात्र हे उत्तर परवडत नाही. त्याच्याकडे जे काही आहे ते सगळं हलायला हवं.

जयपूरहून उत्तरेला चौमूच्या दिशेनं निघालं की शहर सहजासहजी सुटत नाही. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्राच्या शेड, गोदामं, लग्नाची मैदानं, फरशांची दुकानं बराच वेळ सोबत करतात. मग एकदम मोहरीची पिवळी पट्टी लागते, मधूनच वाटाणा, गहू, आणि बांधावर फांद्या छाटलेली खेजडीची झाडं. अशाच एका खेजडीखाली, चौधरीजींच्या बाड्यात, जुना ट्रॅक्टर उभा होता. पुढं लोडर जोडलेला. लोडरची बादली वर उचललेली आणि तिला खालून बाभळीच्या ओंडक्यांचे टेकू दिलेले. बादलीत वाळू, वाळूत एरंडाचं रोप.

चौधरीजी माझ्या मामांचे जुने स्नेही. मामा मूळचे नाशिकचे. तरुणपणी जयपूरला बेअरिंगच्या कारखान्यात टूलरूममध्ये लागले आणि निवृत्त झाल्यावरही परतले नाहीत. हिवाळ्यात मी पुण्याहून त्यांच्याकडे गेलो तेव्हा ट्रॅक्टरचा निर्णय झालेला होता. चौधरीजींच्या बाड्यात शेणखताचा डोंगर साचला होता. ते ट्रॉलीत भरायला माणसं मिळत नव्हती, आणि पिवळं मशीन तासाच्या भाड्यानं आणायचं तर खतापेक्षा भाडं जड.

“आपलाच लोडर आहे घरात,” मामा म्हणाले, “आणि आपण दुसऱ्याला पैसे मोजायचे?”

“भाईसाहब, तो घरात नाही, मसणात आहे,” चौधरीजी म्हणाले.

दगडाच्या न्यायानं तो ट्रॅक्टर जसाच्या तसा राहायला हवा होता. इतकी वर्षं तो हलला नव्हता, म्हणजे झिजायचा प्रश्नच नव्हता. पण लोखंडाचा न्याय उलटा. इंजिन फिरत असतं तोवर तेल सगळीकडे पोचतं. ते थांबलं की तेल हळूहळू खाली तेलपात्रात निथळतं, सिलिंडरच्या भिंती कोरड्या पडतात आणि पिस्टनच्या रिंगा गंजून त्यांना चिकटतात. टाकीतल्या डिझेलमध्ये हवेतली ओल उतरते, तळाशी पाणी साठतं, पाण्याच्या आणि डिझेलच्या सीमेवर सूक्ष्म जीव वाढून काळा चिखल करतात. उरलेलं डिझेल पंपाच्या बारीक वाटांत आटून लाखेसारखं घट्ट होतं. क्लचची चकती फ्लायव्हीलला धरून बसते. रबर वाळतं. बादलीला टेकू देऊन उभ्या केलेल्या त्या ट्रॅक्टरला कुणी हात लावला नव्हता, एवढंच त्याचं आजारपण होतं.

पुसलेल्या पाटीवरून कळलं ते एवढंच की तो महिंद्राचा बी-275 आहे. म्हणजे आमच्याकडचाच. महिंद्रांनी अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर 1963 साली कंपनी काढली आणि दोन वर्षांत मुंबईच्या कांदिवलीतून हे ट्रॅक्टर बाहेर पडू लागले. मूळ आराखडा इंग्लंडच्या डॉन्कास्टरचा, चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, ताकद पस्तिसेक हॉर्सपॉवर. कांदिवलीच्या खाऱ्या दमट हवेत जन्मलेलं यंत्र जयपूरभोवतीच्या ढुंढाड मुलखाच्या वाळूत येऊन नांगरट करत राहिलं. चौधरीजींच्या वडिलांनी ते घेतलं तेव्हा गाव बघायला आलं होतं म्हणे. आज महिंद्रांचा ट्रॅक्टर कारखाना जयपुरातही आहे. पण या ट्रॅक्टरकडे पाहताना मामांच्या चेहऱ्यावर गाववाला भेटल्याचा आनंद होता.

ट्रॅक्टरला निदान जन्मगाव होतं. लोडरला तेही नव्हतं. त्याच्यावर पाटी नाही, नंबर नाही, कुणाचं नाव नाही. कुठल्याशा वर्कशॉपमध्ये चॅनल कापून, जोडून, रंग मारून तो तयार झाला होता. एका हाताची जाडी दुसऱ्यापेक्षा कमी, पिनांची मापं कुठल्याच तक्त्यात न बसणारी. अशा लोडरांचं कुळ मात्र मोठं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये जोसेफ सिरिल बॅमफर्ड या गृहस्थानं एका भाड्याच्या गॅरेजात शेतीच्या ट्रॉल्या बनवायला सुरुवात केली, आणि पुढं काही वर्षांतच फोर्डसनच्या ट्रॅक्टरला बसणारा, तेलाच्या दाबावर उचलणारा लोडर काढला. त्याच्या नावाची तीन आद्याक्षरं आज आपल्या गावोगावी यंत्राचंच नाव होऊन बसली आहेत. जिच्या भाड्यानं चौधरीजींचं कंबरडं मोडत होतं ती पिवळी जेसीबी अशा ट्रॅक्टर-लोडरांच्याच वंशातली. तिचा एक कारखाना जयपूरजवळच्या महिंद्रा वर्ल्ड सिटीत आहे. घरचा आजोबा बाड्यात गंजत होता आणि नातीला भाडं द्यायचं होतं.

मामांनी उस्तादजींना बोलावलं. उस्तादजी ट्रान्सपोर्ट नगरात वाढलेले, आता स्वतःचं छोटं दुकान असलेले मिस्त्री. आल्या आल्या त्यांनी इंजिनाकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी बादलीखालचे टेकू पाहिले, मग वर निघालेल्या चकचकीत दांड्यांवरून अंगठ्याचं नख फिरवलं. जागोजागी नख अडत होतं.

“बाबूजी, हे ज्यानं वर ठेवून उभं केलं त्यानं अर्धा लोडर तेव्हाच विकून खाल्ला.”

बादली जमिनीवर टेकवून ठेवली असती तर ती उचलणाऱ्या सिलिंडरांच्या दांड्या आत, तेलात सुरक्षित राहिल्या असत्या. वर ठेवल्यामुळे त्यांचा क्रोम कित्येक पावसाळे उघडा पडला आणि त्याला गंजाचे खड्डे पडले. आता सील कितीही नवी घातली तरी ते खड्डे आत-बाहेर करताना ती कापत राहणार. दांड्या काढून विश्वकर्मा क्षेत्रात ग्राइंडिंगला आणि नव्या हार्ड क्रोमला द्याव्या लागतील. “इंजिन काय, चालेल,” उस्तादजी म्हणाले. त्यांच्या लेखी ते किरकोळ काम होतं.

ते किरकोळ काम मी जवळून पाहिलं. आधी बादली साखळीनं नीट तोलून, टेकू काढून, हळूहळू खाली आणली, कारण उचललेल्या बादलीखाली कुणीही हात घालायचा नाही हा उस्तादजींचा पहिला नियम. मग इंजेक्टर काढून चारही सिलिंडरांत डिझेल आणि पातळ तेलाचं मिश्रण ओतलं आणि सगळ्यांनी घरी जायचं ठरलं. घाई करून स्टार्टर मारला तर चिकटलेली रिंग तुटते, लायनर ओरखडतो. मुरायला वेळ द्यायचा, मग हातानं फ्लायव्हील थोडं पुढं, थोडं मागं. पुन्हा तेल, पुन्हा वाट. सायलेन्सरमधून कुंभारमाशीचं मातीचं घर निघालं. तेलातून हवा गाळणाऱ्या एअर क्लीनरच्या वाटीत तेल नव्हतंच, वाळूची घट्ट वडी होती. वायरी खारींनी खाल्लेल्या. टाकी उतरवून धुतली, फिल्टर नवे घातले. पंप खोलायला वेगळ्या कारागिराकडे गेला. इंजेक्टरची नोझलं तपासायला गेली तेव्हा त्यांच्यावरची मायकोची खूण मामांनी लगेच ओळखली. नाशिकच्या सातपूरच्या कारखान्याची ती ओळख. ज्यांच्या घरासमोरून मायको सर्कलला जाणारी बस जायची त्या माणसाला राजस्थानात ते तीन अक्षरांचं नाव लोखंडावर सापडलं.

पुढच्या चाकाचा हब उघडला तेव्हा मात्र मामांना बोलणं सुचेना. घट्ट झालेलं ग्रीस पुसल्यावर बेअरिंगच्या कडेवर एनबीसी ही अक्षरं दिसली. नॅशनल इंजिनिअरिंग इंडस्ट्रीजचा तो कारखाना 1946 सालापासून जयपुरात आहे, आणि देशातल्या किती चाकांत त्याची बेअरिंगं फिरतात याची गणना नाही. कांदिवलीचं इंजिन, नाशिकचं नाव, जयपूरचं बेअरिंग, वाळू चौमूची. मामांनी बेअरिंग रॉकेलमध्ये धुतलं, कानाशी नेऊन बोटानं फिरवलं आणि पुन्हा तेच घालायला सांगितलं. पुढं एवढं वजन घेऊन फिरलेल्या लोडरच्या पुढच्या चाकातलं बेअरिंग सहसा आधी जातं, कारण भरलेली बादली मागचा भाग हलका करते आणि सगळा भार पुढच्या आसावर आणते. म्हणून मागं वजन बांधायचं असतं. ते या ट्रॅक्टरला बांधलेलं होतं, सिमेंटनं भरलेला तेलाचा डबा. जुन्या माणसानं एक चूक केली होती आणि एक गोष्ट नीट केली होती.

मामा आणि उस्तादजी यांची खरी जुगलबंदी लोडरच्या पिनांवर झाली. मामांचं आयुष्य मायक्रॉनमध्ये गेलं. बेअरिंगचा गोळा त्याच्या शेजारच्या गोळ्याहून केसाच्या जाडीच्या बारीकशा अंशानंही वेगळा असला तर बाजूला काढायचा, ही त्यांची शिस्त. उस्तादजी बादलीचं टोक दोन्ही हातांनी धरून हलवत, जोडातून येणारा ठक्क आवाज ऐकत आणि सांगत, “दोन सूत.” मामांनी व्हर्नियर लावला. ढिलेपणा पाव इंचाच्या आसपास, म्हणजे दोन सूतच निघाला. मामांनी पुन्हा लावला. उस्तादजी तंबाखू मळत राहिले.

“असं कसं हो कळतं?” मी विचारलं.

“कळतं कसं म्हणजे? ऐकू येतं ना.”

झिजलेल्या त्या जोडात काय असतं ते मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. लोडरच्या हाताला भोक, भोकात बुश, बुशात पिन. पिन कठीण पोलादाची. हात जाड लोखंडाचा, महाग, बदलायला अवघड. मधला बुश गनमेटलचा, म्हणजे कांशाच्या जातीचा, दोघांहून मऊ. तो मऊच असायला हवा. ट्रॉलीत खत पडताना बसणारा प्रत्येक हिसका, वाळूचा प्रत्येक कण, विसरलेलं प्रत्येक ग्रीस त्या मऊ कड्यानं आपल्या अंगावर घ्यायचं आणि संपून जायचं. मग तो ठोकून बाहेर काढायचा, लेथवर नवा कातायचा आणि बसवायचा. हात आणि पिन पुन्हा पहिल्यासारखे.

पाटी नसलेल्या त्या वर्कशॉपमधल्या कुणा अनोळखी माणसानं लोडर बांधतानाच ठरवून ठेवलं होतं की यातलं काय झिजेल. झीज येणार हे त्यानं मान्य केलं आणि तिला बसायला जागा दिली. जयसिंगाच्या पितळी यंत्रांना ही सोय नसावी. त्यांचा आस झिजला की मध्य ढळला, आणि मध्य ढळला की अख्खं यंत्र खोटं. म्हणून राजाला हालचालच नकोशी झाली. तसा धातू त्यानंही पूर्ण सोडला नाही. यंत्रराज नावाची धातूची भलीमोठी चकती आजही त्या वेधशाळेत टांगलेली आहे. आणि दगडाचंही सगळं निभावलं असं नाही. चुना सुटतो, खुणा पुसतात. 1901-02 मध्ये लेफ्टनंट गॅरेट यांच्या देखरेखीखाली जयपूरच्या वेधशाळेची मोठी दुरुस्ती झाली, आणि त्यांच्या मदतीला पंडित चंद्रधर शर्मा गुलेरी होते, हिंदीत ‘उसने कहा था’ ही कथा ज्यांनी पुढं लिहिली तेच. तेव्हा ते विशीतही नव्हते. म्हणजे न हलणाऱ्यालाही कधीतरी मिस्त्री लागतोच. फरक इतकाच की दगड पिढ्यांनी हाक मारतो, ट्रॅक्टर दर हंगामाला.

नवे बुश विश्वकर्मा क्षेत्रातल्या एका लेथवर कातले. मामा तिथं जाऊन उभे राहिले. माप त्यांचं, कात लेथवाल्याचा, बसवताना हातोडीचा अंदाज उस्तादजींचा. पिन आत सरकली तेव्हा ना ढिली ना घट्ट, अंगच्या वजनानं हळू उतरली. मामांनी आणि उस्तादजींनी एकमेकांकडे पाहिलं नाही, पण दोघांनीही चहा मागितला.

इंजिन सुरू करायचा दिवस थंडीचा होता. चौधरीजींच्या घरून बाजरीच्या रोट्या आणि लसणाची चटणी आली होती, शेजारपाजारचे राम राम सा करत येऊन खाटांवर बसले होते. नवं तेल भरलं होतं. आधी डिझेल बंद ठेवून स्टार्टरनं इंजिन नुसतंच फिरवलं, तेलाच्या दाबाचा काटा उठेपर्यंत. कोरड्या बेअरिंगांवर एकदम भडका द्यायचा नसतो. मग नळ्यांतली हवा काढायचं काम. डिझेलच्या वाटेत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी तो दाबला जातो, डिझेल पुढं ढकललं जात नाही आणि इंजिन मख्ख राहतं. हातपंप मारायचा, नट सैल करायचा, फेस येऊ द्यायचा, फेसाऐवजी सलग धार आली की आवळायचा. एकेक जोड करत पंपापासून इंजेक्टरपर्यंत.

माझ्या हातात ओलं पोतं दिलं होतं. माझं काम एकच. पंपात डिझेलचं माप ठरवणारा भाग कुठं अडकलेला राहिला असेल तर इंजिन सुरू होताच बेफाम पळत सुटतं, बंद करता बंद होत नाही, आणि स्वतःला मोडून घेईपर्यंत थांबत नाही. तेव्हा त्याची हवा तोडायची, हवेच्या तोंडावर पोतं दाबून धरायचं. मी दोन्ही हातांनी पोतं धरून उभा राहिलो. थंडीत त्याचं पाणी बाहीतून कोपरापर्यंत आलं.

पहिल्या वेळी पांढरा धूर. दुसऱ्यांदा एक सिलिंडर बोलला आणि गप्प झाला. उस्तादजींनी एक नट पुन्हा सैल करून आवळला. मग एक, मग दोन, मग अडखळत तीन, धूर पांढऱ्याचा निळा, आणि चौथा सिलिंडर लागला तेव्हा आवाज एकदम सरळ झाला. सायलेन्सरच्या टोपणाची टकटक सुरू झाली. इंजिन पळालं नाही. चौधरीजींची आई घरातून बाहेर आली आणि काही न बोलता उंबऱ्यापाशी उभी राहिली. आपल्या नवऱ्याचा ट्रॅक्टर तिनं आवाजावरून ओळखला. मी पोतं तसंच धरून होतो. मामांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं तेव्हा कळलं की आता गरज नाही.

लोडर नंतर उठला. तेल आधी दुधाळ झालेलं होतं, पाणी मिसळल्याची खूण. ते काढून, टाकी धुऊन नवं भरलं होतं. लिव्हर ओढल्यावर बादली प्रथम नुसती थरथरली, सिलिंडरांतली हवा निघेपर्यंत आचके देत राहिली, मग वाळू आणि एरंडाच्या उरलेल्या मुळांसह सावकाश वर गेली. उस्तादजींनी ती तिथंच काही वेळ ठेवली आणि दांड्यांच्या तोंडाशी ओल येते का ते लांबूनच पाहिलं. ओल आली नाही. शेणखताची पहिली ट्रॉली दुपारच्या आत भरली.

चौधरीजींना खात्री हवी होती. आता हा किती वर्षं चालेल? उस्तादजी हमी द्यायला तयार नव्हते. रोज सकाळी प्रत्येक जोडाला ग्रीस मारा, जुनं काळं ग्रीस बाहेर पडेपर्यंत मारा. बुश पुन्हा झिजतील, झिजले की आणा, मी नवे घालीन. एवढंच ते म्हणाले. चौधरीजींना हे उत्तर अपुरं वाटलं. मला ते पुरेसं वाटलं. चालू ठेवण्याची अट त्यात पुरती सांगितलेली होती, आणि ती अट माणसाला रोज सकाळी एकदा यंत्राजवळ आणणारी होती. तो ट्रॅक्टर बिघडला तो वापरून नव्हे, त्याच्याजवळ कुणी जाईनासं झालं म्हणून. त्याची कागदपत्रं कधीच हरवली होती, लोडरला तर कागद नव्हताच. त्याची सगळी माहिती आता तीन म्हाताऱ्यांच्या हातात आणि कानात होती. म्हणून मामांनी ग्रीसगन चौधरीजींच्या नातवाच्या हातात दिली आणि प्रत्येक निपल त्याच्याकडून शोधून घेतलं. एक निपल बादलीच्या मागं आतल्या अंगाला असतं, सगळे ते विसरतात. पोराला ते सापडेपर्यंत मामा गप्प उभे राहिले, सांगितलं नाही.

संध्याकाळपर्यंत बातमी पसरली. पलीकडच्या ढाणीतून, म्हणजे वस्तीवरून, एक गृहस्थ मोटरसायकलवर आले, चालत्या लोडरभोवती एक फेरी मारली आणि उस्तादजींना म्हणाले की आमच्याकडेही असाच एक उभा आहे, बऱ्याच वर्षांपासून, बघाल का?

उस्तादजींनी दर सांगितला नाही, वेळ सांगितली नाही, इंजिन कुठलं तेही विचारलं नाही.

“बादली खाली टेकवलीय ना?” त्यांनी विचारलं.